सन्मानाने थांबा म्हणणाऱ्यांनो, जरा दम धरा

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना हॉकीत रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

आमचा हॉकीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले, काही जण कधीकाळी खेळलेले, बाकीचे माझ्यासारखे फक्त ओरडणारे. तिथे आज सीनियर खेळाडूंचा विषय निघाला आणि गाडी मनप्रीत सिंगवर आली. चार ऑलिंपिक खेळलेला माणूस. २०१२ला लंडनमध्ये आपण बारावे, म्हणजे शेवटचे आलो तेव्हा हा संघात होता, आणि टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं तेव्हा कर्णधार होता. त्याच्याबद्दल एक गृहस्थ लिहितात, "आता सन्मानाने थांबावं. नव्यांना जागा करून द्यावी." खाली हात जोडलेली इमोजी. त्यावर अंगठ्यांची रांग.

हे गृहस्थ स्वतः नोकरीत मुदतवाढ मिळावी म्हणून गेलं वर्षभर साहेबांच्या केबिनच्या चकरा मारतायत. असो. तो विषय नाही.

हे वाक्य ऐकलं की मला माझा मामा आठवतो. मामा एका खात्याच्या टीमकडून फुल बॅक खेळायचा. राष्ट्रीय वगैरे नाही, पण त्याच्या काळात त्याला चकवून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरणं सोपं नव्हतं. बत्तिशीत रिटायर झाला. ऑफिसात कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ दिलं, एका साहेबांनी भाषण केलं की फॉर्मात असताना थांबायला वाघाचं काळीज लागतं. आईने मला हे भाषण इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथे नसूनही ते मला पाठ आहे. घरात कुणीही कसलाही हट्ट धरला की मामाचं उदाहरण यायचं. बघ, मामा कसा वेळेत थांबला!

तर आधी हॉकीचं बोलू.

आपल्याकडे "वेळेत थांबला" असं नेमकं कुणाबद्दल म्हणतात? सध्या सगळे आपल्या गोलकीपरचं, श्रीजेशचं नाव घेतात. घ्या की. पॅरिस ऑलिंपिकच्या आधीच त्याने जाहीर केलं होतं की ही माझी शेवटची स्पर्धा. उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, दहा जणांनिशी ग्रेट ब्रिटनला रोखून धरलं आणि बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू विरुद्ध गोलकीपर) या माणसाने आपल्याला तारलं. मग ८ ऑगस्ट २०२४ला स्पेनला २-१ हरवून ब्राँझ, आणि साहेब गोलपोस्टवर चढून बसले. हॉकी इंडियाने, म्हणजे आपल्या हॉकी संघटनेने, १६ नंबरची जर्सीच निवृत्त करून टाकली. मी त्या दिवशी रडले होते, लपवत नाही.

पण त्या वेळी श्रीजेश ३६ वर्षांचा होता. तुमच्या "वेळेत थांबा"च्या हिशेबाने तो टोकियोनंतरच घरी जायला हवा होता! पेनल्टी कॉर्नर अडवून शेवटच्या क्षणांत जर्मनीविरुद्ध ५-४ टिकवलं, पदक आलं, याहून चांगला मुहूर्त कुठला? तेव्हाही हे बोलणारे होतेच. त्याने ऐकलं असतं तर पॅरिसच्या त्या शूटआउटला गोलमध्ये कोण उभं असतं?

हो, गोलकीपरचं गणित वेगळं असतं, त्याला बाकीच्यांसारखं पळावं लागत नाही. मान्य. मग टॉन डी नॉयरचं घ्या. हॉलंडचा, मधल्या फळीत खेळणारा, म्हणजे पळणारा. १९९६ आणि २०००चं सुवर्ण खिशात असताना २०१२ला लंडनला आला, ३६व्या वर्षी, आणि रौप्य घेऊन गेला. ४५३ आंतरराष्ट्रीय सामने. तिकडच्या लोकांनी त्याला इमोजी पाठवले असतील का, कुणास ठाऊक.

आणि तिसरा ३६ वर्षांचा माणूस आपला. धनराज पिल्ले, खडकीचा. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. अथेन्स २००४. स्पर्धेच्या तोंडावर कोच बदलला, नवा जर्मन कोच आला, आणि ज्याच्या पायांवर आपण पंधरा वर्षं जगलो त्या धनराजला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. आपण सातवे आलो. संपलं. ना गोलपोस्ट, ना जर्सी, ना काही. माझ्या पिढीतल्या ज्या कुणी तो टीव्हीवर बाकावर बसलेला पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतेय ते समजावून सांगायची गरज नाही.

त्याच धनराजच्या नेतृत्वाखाली १९९८ला बँकॉकमध्ये आपण ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं होतं, आणि परत आल्यावर कर्णधारासकट अर्ध्या डझनाहून जास्त सीनियर संघाबाहेर! तेव्हा तर तो तिशीचा होता. म्हणजे वयाचं कारण हे आपल्याकडे बऱ्याचदा नंतर शोधलं जातं. आधी माणूस नकोसा होतो, मग त्याचा जन्मदाखला काढला जातो.

मामाचंही तेच झालं होतं. हे मला खूप उशिरा कळलं, तो पन्नाशी ओलांडल्यावर, आणि तेही त्याने सांगितलं नाही, मामीने सांगितलं. त्या शाल-श्रीफळाच्या पंधरा-वीस दिवस आधी टीमच्या मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढच्या मोसमात तुमचं अवघड आहे. नाव लिस्टमधून गळण्यापेक्षा तुम्हीच सन्मानाने थांबा, आपण छान कार्यक्रम करू." घ्या. हे ते वाघाचं काळीज. ज्याचं उदाहरण देऊन आमच्या पिढीला गप्प बसवलं गेलं तो निर्णय त्याचा नव्हताच!

हे टाइप करतानाही माझे हात तापलेत.

आता दुसरी बाजू, नाहीतर कमेंटमध्ये लगेच शिकवणी सुरू होईल. ऑलिंपिकचा संघ १६ जणांचा असतो. एक सीनियर राहिला तर एक एकवीस वर्षांचा पोरगा घरी बसतो, हे खरं आहे. टर्फवरची हॉकी फार वेगवान झालीय, प्रेसिंग करताना, म्हणजे सगळ्यांनी मिळून समोरच्यांना दाबताना, एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तर पुढची सगळी साखळी तुटते, हेही खरं आहे. २०२१ला टोकियोच्या संघातले रूपिंदरपाल सिंग आणि बीरेंद्र लाक्रा यांनी एकाच दिवशी निवृत्ती जाहीर केली, तरुणांसाठी वाट मोकळी करतो असं रूपिंदरने म्हटलं, आणि मलाही ते आवडलं होतं. (पुढच्याच वर्षी आशिया कपसाठी दोघांनाही परत बोलावलं, कर्णधार म्हणून आधी रूपिंदरचं नाव आलं, त्याला दुखापत झाली तर लाक्राचं. वाट फार मोकळी झाली नव्हती म्हणायची.)

पण वेगवान हॉकीवाल्यांनी हेही बघावं की हा खेळ आता सत्तर मिनिटं सलग धावायचा राहिलेला नाही. १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर, आणि बदल्या हव्या तितक्या. पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळा, बाहेर या, श्वास घ्या, परत जा. अनुभवी माणसाला कधी वापरायचं हे कोचला कळत असेल तर पस्तिशीतला खेळाडू ओझं ठरत नाही. शेवटची चार मिनिटं, आपण एका गोलने पुढे, समोरच्यांनी गोलकीपर काढून अकरावा खेळाडू आणलाय. अशा वेळी चेंडू कोपऱ्यात दाबून धरणारा डोक्याने शांत माणूस तुम्हाला हवा असतो. तो एकवीस वर्षांचा नसतो.

बरं, हेही सगळं बाजूला ठेवा. मी काही संघ निवडत नाही. उद्या निवड समितीला वाटलं की अमुक एक आता पुरे, तर त्यांचा तो हक्क आहे. मला निवड झाली नाही याचा राग नाहीये. माझा राग कशावर आहे ते लिहिता लिहिता मलाच नीट दिसायला लागलंय.

सरदार सिंग आठवा. २०१८, जकार्ता. एशियाडच्या वेळी सांगत होता की टोकियोपर्यंत खेळायचंय, दम आहे अजून. उपांत्य सामन्यात मलेशियाने शूटआउटमध्ये हरवलं, ब्राँझ मिळालं, आणि काही दिवसांत सरदार रिटायर. ३२ वर्षांचा. आमच्या मामाचंच वय. जकार्तात ब्राँझसाठी पाकिस्तानविरुद्ध उतरला तेव्हा त्याला ठाऊक होतं का की हा शेवटचा?

राणी रामपाल. शाहाबादची, टांगा चालवणाऱ्या बापाची पोर, चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली. टोकियोत तिच्या संघाने चौथा नंबर काढला तेव्हा अख्खा देश हॉकी बघत होता. त्यानंतर दुखापत, मग २०२२च्या वर्ल्ड कपच्या संघात नाव नाही, मग थोडं आत, मग परत बाहेर. ऑक्टोबर २०२४ला तिने निवृत्ती जाहीर केली तेव्हा ती २९ वर्षांची होती. एकोणतीस! आणि तिचीही २८ नंबरची जर्सी निवृत्त केली गेली, टाळ्या वाजल्या. जर्सीचा एवढा मान ठेवलात, छान. ती जर्सी शेवटची अंगात घालताना तिला कुणी सांगितलं होतं का, बाई, ही शेवटची?

हे मला मामामुळे कळलं. पॅरिसची ती ब्राँझची मॅच आम्ही त्याच्याकडेच पाहिली. तो मॅच बघताना बोलत नाही, नुसता पाय हलवत बसतो, जणू अजून टॅकल करायचंय. श्रीजेश पोस्टवर चढला, आम्ही सगळे नाचतोय, रडतोय, आणि मामा एवढंच म्हणाला, "त्याला आधी माहीत होतं बघ."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

मग त्याने सांगितलं. त्याची शेवटची मॅच कसल्यातरी आंतरखाते स्पर्धेतली होती, ३-० पुढे होते, आणि शेवटची दहा मिनिटं तो स्वतःहून बाहेर आला. पुढच्या आठवड्यात मोठी मॅच होती, त्यासाठी पाय वाचवत होता. ती पुढची मॅच त्याला कधी मिळालीच नाही. मॅनेजर मधे आला, आणि मग शाल. "दहा मिनिटं होती माझ्याकडे. बाहेर बसून पाणी पीत होतो." एवढं बोलून तो रिप्ले बघायला लागला.

त्याच्याच टीममधला एक राइट हाफ होता, त्यालाही मॅनेजरने असंच बाजूला घेतलं होतं. त्याने ऐकलं नाही. लिस्टमधून नाव गेलं, तर तो लहानसहान क्लबांकडून खेळत राहिला, चाळिशीपर्यंत. लोक हसायचे. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा, आणि हा उन्हातान्हात मैदानावर. आमच्या घरात त्याचं उदाहरण उलट्या बाजूने दिलं जायचं. मामा मात्र आजही त्याच्याबद्दल असूयेनेच बोलतो. "तो खेळला. मी शाल घेऊन घरी आलो."

बेचाळिशी उलटलेल्या ध्यानचंदना पूर्व आफ्रिकेवाल्यांनी बोलावलं होतं, ते येणार नसतील तर संघच पाठवू नका म्हणून, आणि ते गेले, खेळले. बर्लिनमध्ये १९३६ला जर्मनीला ८-१ धुतल्यावर तिथेच थांबले असते तर चरित्र जास्त देखणं झालं असतं, नाही का? खेळाडूंनी आपल्या पोस्टरसाठी रिटायर व्हावं अशी आपली अपेक्षा असते. आपल्याला त्यांचा उतरता काळ बघवत नाही, म्हणून त्यांनी आवरतं घ्यायचं. त्रास आपल्याला होतो, आणि उपदेश त्यांना.

काही जण स्वतःहून लवकर जातात, त्यांचंही मला कौतुक आहे. वीरेन रस्किन्हा बघा, मुंबईचा, अथेन्स खेळलेला. २००८ला हॉकी सोडून एमबीएला गेला आणि आज ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी केवढं काम करतोय. पण तो निर्णय त्याचा होता. त्याला कुणी कोपऱ्यात घेऊन कार्यक्रमाची तारीख सांगितली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते निवड समितीला आहे, हॉकी इंडियाला आहे, आणि त्या खात्याच्या मॅनेजरलाही आहे, तो आज कुठेही असो. काढायचं तर काढा. पण लिस्ट लावायच्या आधी समोर बसवून सांगा. अमुक मालिका, अमुक मैदान, हा तुझा शेवटचा सामना, घरच्यांना बोलाव. भुवनेश्वरला, राउरकेलाला एवढाली स्टेडियम उभी केलीत, एक संध्याकाळ जड जाते का? प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वर्षाला इतके सामने होतात, त्यातला एक द्या. त्याने ठरवू दे की शेवटची दहा मिनिटं आत राहायचं की बाहेर.

आणि ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना. दादा, तुमचा मेसेज मी उडवलेला नाही, तसाच ठेवलाय. ग्रुपही सोडणार नाही, कारण पुढची मॅच आहे आणि मला ती तुमच्याचबरोबर बघायचीय. फक्त गेल्या खेपेसारखं मधेच "ऑफसाइड, ऑफसाइड" ओरडू नका. हॉकीतला ऑफसाइड जाऊन पंचवीस वर्षं उलटली.