वाघाची हद्द कोण आखतं?

"जंगल भरलंय, आता वाघ दुसरीकडे हलवा." चंद्रपुरात टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत हे ऐकून ऐकून आज लिहायला बसलोय. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर कुणी रागाने असं बोललं तर मी वाद घालत नाही. माणसं मारणारा वाघ पकडायलाच हवा. पण जंगल भरतं म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा बघूया.

वाघाला किती जागा लागते याचा एकच आकडा नाही. रशियाच्या अतिपूर्वेला, सिखोटे-आलिनच्या डोंगरांत एक वाघीण सुमारे 400 चौरस किलोमीटर पालथे घालते. नेपाळच्या चितवनमध्ये वाघिणीचं 20 च्या आसपास भागतं. जनावर तेच, फरक सावजाचा. हरणं, रानडुकरं विरळ असली की एवढ्या मोठ्या मुलखाच्या कडेकडेने रोज पहारा कोण देणार? सावज भरपूर आणि शेजार दाट झाला, की हद्द आक्रसते आणि राखण कडक होते. झाडावर मूत्राचा फवारा, खोडावर नखांचे ओरखडे, आणि विरण्याआधी पुन्हा तेच. वास शिळा झाला की शेजारी ओळखतो, इथला मालक गेला तरी किंवा थकला तरी.

दाटीत रक्ताचं नातंही फार टिकत नाही. रणथंबोरच्या मछली वाघिणीला तळ्यांकाठची जागा अखेर स्वतःच्याच लेकीला सोडावी लागली. आपल्या ताडोबातला वाघडोह, एकेकाळचा दांडगा नर, तरुण नरांनी रेटल्यावर म्हातारपणी बाहेरच्या जंगलात राहिला आणि मे 2022 मध्ये तिथेच गेला.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. जमून बसलेला नर उचलला की ती जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे नर तिच्यासाठी झुंजतात. जो जिंकतो तो आधीच्या नराचे बछडे मारतो, म्हणजे वाघीण लवकर माजावर येते. बछडे वाचवायला वाघीण जागा सोडून कडेकडेने फिरू लागते, आणि आपल्याकडे जंगलाची कड म्हणजे कुणाचं तरी धानाचं शेत. म्हणून ज्या वाघाने माणसाला काही केलेलं नाही, त्याला नुसता आकडा कमी करायला हलवणं मला धोक्याचं वाटतं. हलवलेला तिथेच थांबेल याचीही खात्री नाही. ताडोबातून ओडिशात सिमिलीपालला नेलेली झीनत वाघीण झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये गेली. डिसेंबर 2024 मध्ये तिला बांकुड्यात बेशुद्ध करून पकडावं लागलं.

दाटीचा खरा भार पडतो दोन-तीन वर्षांच्या पोरांवर. आई जवळ ठेवत नाही, मोठे नर उभं करत नाहीत. यवतमाळच्या टिपेश्वरमधला टी1-सी1 असाच निघाला. अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं: 2019 मध्ये तो तेलंगणात जाऊन आला, शेतं आणि महामार्ग ओलांडत 3000 किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे सावज होतं, भांडायला दुसरा नर नव्हता, पण वाघीणही नव्हती. मुख्यतः रात्री चालला, दिवसा झुडपांत पडून राहिला. एवढ्या वाटेत एकही माणूस मेला नाही. (हे ऐकून माझ्या आईने हात जोडले होते.) पुढे 2021 मध्ये तो आणखी वर, गौताळा अभयारण्यात दिसला.

सरकारकडे मला हेच मागायचंय. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 खाली जनावरांसाठी मार्ग सोडले आणि वाघ त्यातून जाताना कॅमेऱ्यात आले. आमच्या जिल्ह्यात जंगल कापत जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला तसे मार्ग द्या. कोळशाच्या खाणींची परवानगी देताना नकाशावर आधी या पोरांच्या वाटा आखा. आणि तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी, कुठल्या भागात कुठली वाघीण पिल्लांसकट आहे, ते त्या गावातल्या बायांना जाऊन सांगा.