सात दशांश आणि आठ लाख

गेले तीन दिवस मी माझ्या एका विद्यार्थिनीसोबत सेतू केंद्राच्या दारात उभा आहे आणि तिन्ही दिवस 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढे ऐकून परत आलो आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे आणि मुदत सरत आली आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात या मुलीच्या बापाची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. त्याची ओढाताण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तलाठ्याच्या अहवालावाचून ती खरी धरली जात नाही.

रांगेचा राग मी गिळला असता. संताप याचा आहे, की एवढे कागद गोळा करूनही ही मुलगी कुठून आणि कशी इथवर आली, हे प्रवेश देणारा विचारतच नाही. सीईटी या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत मोजतात. गुणांना सोनाराचा तराजू आणि गरिबीला मात्र वखारीचा काटा! शुल्कमाफी योजनेच्या ज्या पाच टक्के जागा आहेत, त्यांना उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. म्हणजे साडेसात लाख उत्पन्नाच्या घरातला, पुण्यात दोन वर्षे महागडा क्लास केलेला मुलगा आणि दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणारी ही मुलगी एकाच यादीत. परिणामी या जागांचा कटऑफ पुष्कळदा खुल्या जागांच्याही वर जातो. ताट गरिबाच्या नावाने वाढायचे आणि त्याला हात लावायला खुल्या प्रवर्गापेक्षा जास्त पर्सेंटाइल मागायचे, हा कुठला न्याय?

मी गणित शिकवतो, म्हणून एक सल अधिक खोल आहे. दोनशे गुणांच्या सीईटीत शंभर गुण गणिताचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीतून सोडवण्याची सोय आहे, गणिताची प्रश्नपत्रिका मात्र फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीला गणित येते, पण प्रश्न वाचून त्याचा अर्थ लावण्यात तिची जी मिनिटे जातात, ती वेगवेगळ्या सत्रांतले गुण एका पातळीवर आणणाऱ्या कोणत्या सामान्यीकरणाच्या सूत्रात भरून निघतात, हे मला कोणी तरी सांगावे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात चार संगणक आहेत; त्यातले दोन चालू असले तर आम्ही नशीब समजतो.

हे सगळे बोललो की पुण्यातले आमचे एक नातेवाईक शांतपणे म्हणतात, 'भाऊ, आता संधी सगळ्यांना सारखीच आहे, बाकी गुणवत्तेचा प्रश्न.' त्यांच्या मुलाच्या खोलीत एसी आहे, हे मी संबंध राखायचे म्हणून बोलत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले, हे चांगलेच झाले. पण ते माफ होते दारातून आत गेल्यावर, आणि आमची मुलगी अजून दाराबाहेर एका दाखल्यासाठी ताटकळत आहे.

उद्या पुन्हा सेतूवर जायचे आहे. नऊच्या आत पोहोचलो तर टोकन मिळेल, असे तिथला शिपाई म्हणाला.