"आमच्या मावशी करतात ना नंतर वेगळं"

आज रक्त तपासायला गेले होते. रक्त घेणाऱ्या मुलाने सुई काढली, दोन्ही हातांनी तिला टोपण परत बसवलं आणि सरळ पायाशी असलेल्या बादलीत टाकली. बादलीत आधीच कागदी कप, कापसाचे बोळे, हातमोजे, कुणाची तरी फाडलेली पावती. आणि बरोब्बर वर भिंतीवर रंगीत पोस्टर, कुठला कचरा कुठल्या डब्यात! मी बोटाने दाखवलं. तर म्हणतो, "मॅडम, आमच्या मावशी करतात ना नंतर वेगळं."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

नंतर म्हणजे कधी? आणि कशाने, हाताने?

आत्या दवाखान्यात होती तेव्हा मी रात्री तिच्याजवळ थांबायचे. एका पहाटे सफाईवाल्या मावशींनी कचऱ्याची काळी पिशवी उचलली आणि "आई गं" म्हणून टाकली. पिशवीतून सुई बाहेर आली होती, ती बोटात गेली. मी सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "बघून उचलायचं ना!"

काळी पिशवी, वरून गाठ मारलेली. काय बघायचं होतं त्यांनी?

सुई कुणाची, कुणालाच माहीत नव्हतं. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली आणि लस झालेली नसली तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. सी असेल तर २ टक्क्यांच्या आसपास, एचआयव्ही असेल तर ०.३ टक्के. एचआयव्ही टाळायची औषधं असतात, पण ती जितक्या लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात. हे त्या मावशींना कुणीही सांगितलं नाही. त्यांनी बोट नळाखाली धरलं, मला म्हणाल्या, "काय नाय ओ, बारकीशी तर होती," आणि शेजारच्या खोलीत झाडायला गेल्या.

मान्य आहे, सिस्टरच्या वाट्याला रात्री अख्खा वॉर्ड असतो. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, हेही कळतं. पण सुई टोचायला वेळ मिळतो ना? मग ती टोपण न लावता हाताशी ठेवलेल्या जाड डब्यात टाकायला त्याहून कमी वेळ लागतो. टोपण लावतानाच तर टोचते! तो डबा पाऊण भरला की बंद करायचा, कोंबायचं नाही, आणि पुन्हा उघडायचा तर नाहीच. यात न कळण्यासारखं काय आहे?

कुणीतरी खर्चाचं म्हणणारच, म्हणून आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो, आपल्या घरातल्यासारखा. धोक्याचा उरलेला १५. तो १५ त्या ८५ मध्ये मिसळला की सगळाच संसर्गजन्य धरावा लागतो आणि सगळ्यावरच प्रक्रिया करावी लागते. मग महाग काय पडलं, वेगळं करणं की न करणं? आणि ते वेगळं करणं कचरा जिथे तयार होतो तिथेच, ज्याच्या हातून झाला त्यानेच. गाठ मारलेली पिशवी पुढे कुणीही सोडून निवडू शकत नाही. निवडू नयेच.

"जाळून टाका की सगळं" म्हणणारेही आहेत. मागच्या अंगणात खड्डा करून सलाईनच्या नळ्या नि पिशव्या जाळल्या तर त्यातल्या पीव्हीसीपासून डायऑक्सिन नावाचं विषारी रसायन तयार होतं. नीट जाळायला ८५० ते ११०० अंश तापमानाची, धूर गाळणारी भट्टी लागते. बरंचसं तर वाफेवर निर्जंतुक करता येतं, जाळायची गरजच नाही. पण त्यासाठीसुद्धा आधी वेगळं केलेलं हवं, घ्या!

ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ साली एका सोडून दिलेल्या दवाखान्यात किरणोपचाराचं यंत्र तसंच पडून राहिलं. भंगारासाठी दोघांनी ते फोडलं. आतली निळी चमकणारी किरणोत्सर्गी पूड घरोघरी गेली. चार माणसं गेली, त्यात सहा वर्षांची मुलगी. त्यांनाही म्हणायचं का, बघून उचलायचं ना?

चिडून लिहितेय, माहितीय. त्या मुलावर ओरडले नाही, विशी-बाविशीचा असेल, त्याला कुणी शिकवलंच नसणार. पोस्टर लावलं की शिकवून झालं असं वाटणाऱ्या त्याच्या मालकाशी मात्र बोलले. "बघतो" म्हणाले.

माझ्या यादीत डॉक्टर, नर्स, लॅब चालवणारे बरेच जण आहात. तुमच्याकडे असं होत नाही हे मला कमेंटमध्ये सांगू नका. उद्या कामावर गेलात की तुमच्याकडच्या मावशींना आणि मामांना एवढंच विचारा, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, आणि सुई टोचली तर कुणाकडे जायचं हे माहीत आहे का. उत्तर काय मिळालं ते लिहा.