एका वेलांटीची रात्र

आमच्या ॲपमध्ये एक बटण आहे. त्यावर 'पुढिल माहीती भरा' असं लिहिलेलं होतं. परवा सदाशिव पेठेतल्या एका आजोबांची मेल आली, बरोब्बर चार वाजून एक मिनिटानं: 'आपल्या बटणावर शुद्धलेखनाचा बळी गेला आहे. कृपया लक्ष घालावे.'

'पुढिल'ची वेलांटी पहिली होती, हवी दुसरी. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. उरकू आणि भूमकर चौक तुंबायच्या आत हिंजवडीतून सटकू.

आता कबुली देतो. आमच्या टीमची मर्जची, म्हणजे नवा बदल कोडच्या मुख्य प्रतीत (मुख्य ब्रांचमध्ये) मिसळण्याची, यंत्रणा मीच बसवलेली आहे. पूर्वी सगळं हातानं चालायचं. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी न बघता कोड मुख्य ब्रांचमध्ये ढकलायचा आणि शनिवारी ऐन मिसळीवर सगळ्यांचे फोन वाजायचे. म्हणून बॉट लावला आणि नियम घातले. अप्रूव्हल दोघांचं, त्यातला एक त्या फाइलचा मालक. कोड तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आणि अप्रूव्हलनंतर एक अक्षर जरी बदललं, तर आधीची अप्रूव्हलं रद्द. टीमनं बॉटचं नाव 'सेक्रेटरी' ठेवलं. गच्चीत पापड वाळत घालायलाही अर्ज घेणारे सेक्रेटरी सगळ्यांनीच पाहिलेले.

वेलांटी बदलली, पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल आत घ्या' अशी विनंती, टाकली. पहिलं अप्रूव्हल नवव्या सेकंदाला आलं. म्हणजे गड्यानं उघडूनही पाहिलं नव्हतं. दुसरं मराठी मजकुराच्या फाइलच्या मालकाचं, आणि मालक कोल्हापूरला चुलतबहिणीच्या लग्नात. आठ वाजता त्यानं मंगल कार्यालयातून अंगठा दिला. तेवढ्यात सेक्रेटरी उठले: ओळीच्या शेवटी एक जादा स्पेस आहे. न दिसणारी! ती काढली. म्हणजे अक्षर बदललं. म्हणजे दोन्ही अप्रूव्हलं रद्द.

"अरे, पंगतीत बसलोय," मालक म्हणाला. "हात आमटीत आहे."

तोवर मी घरी पोचलो होतो. भूमकर चौकात पाऊण तास थांबून, हे सांगायला नकोच. पण त्या पाऊण तासात मर्ज क्यू, म्हणजे मर्जसाठी लावलेली रांग, पुन्हा एकदा मनापासून पटली. चौकातली प्रत्येक गाडी एकेकटी ठीक असते. ब्रेक ठीक, हॉर्न तर फारच ठीक. जाम होतो तो सगळ्या एकदम घुसल्यामुळे. कोडचंही तसंच. माझा बदल एकटा पास, तुमचा एकटा पास, दोन्ही एकत्र केले की बोंब. म्हणून क्यू तात्पुरती ब्रांच काढते, तुमच्या पुढे उभ्या असलेल्यांचे बदल आणि तुमचा बदल एकत्र करून टेस्ट चालवते, आणि सगळं हिरवं आलं तरच आत घेते. चौकात हे कुणी लावेल तर मी त्याला फेटा बांधीन.

पावणेबाराला कोल्हापूरहून पुन्हा अंगठा आला. क्यूमध्ये पुढे तिघं. माझा नंबर लागला बारा वीसला, आणि टेस्ट लाल. वेलांटीचा जिच्याशी काडीचा संबंध नाही अशी, तारखेची टेस्ट. पुन्हा चालवली. लाल. तिसऱ्यांदा लाल.

आई पाणी प्यायला उठली. पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली.

"काय करतोयस रे?"

"वेलांटी बदलतोय."

"कधीपासून?"

"चारपासून."

ती काही बोलली नाही. शिक्षिकांचं न बोलणं वेगळंच असतं.

मग टेस्ट उघडली. ॲप भारताची वेळ धरतं, टेस्ट सर्व्हरचं घड्याळ बघते, आणि सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. पुण्यात बारा वाजून तारीख बदलली, तरी सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस. त्यामुळे ही टेस्ट रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत नापास होणार आणि दिवसभर निरागस चेहऱ्यानं पास. त्या वेळात आजवर कुणी मर्जच केलं नव्हतं. असली टेस्ट लिहिली कुणी, हे बघायला 'गिट ब्लेम' चालवलं, ते प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते दाखवतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे गिट लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये काढलं. ब्रिटिश बोलीत 'गिट' म्हणजे नतद्रष्ट माणूस, आणि ते नाव स्वतःवरूनच ठेवल्याचा विनोद त्यानं स्वतः केला होता. ब्लेमच्या यादीत त्या ओळीपुढे माझं नाव होतं.

टेस्ट दुरुस्त करता आली असती. पण मग अक्षर बदललं असतं. आणि कोल्हापूर झोपलेलं.

साडेपाचचा गजर लावला. पाच एकतीसला बटण दाबलं. सगळं हिरवं. सेक्रेटरींनी वेलांटी स्वतःहून आत घेतली. दारात दुधाची पिशवी पडल्याचा आवाज आला. आई उठलीच होती, तिच्यापुढे अभिमानानं फोन धरला.

तिनं चष्मा लावला.

"हं. 'पुढील' झालं," ती म्हणाली. "आता शेजारचं 'माहिती' कधी करतोस? ऱ्हस्व हि."