टायरचा फुगा आणि फॉरवर्डमधला ‘निवृत्त इंजिनिअर’

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. “हे टायर बदलत नाहीयेत. आतून पॅच मारून ट्यूब टाकतो म्हणतात. तू बोल जरा, माझं ऐकत नाहीत.” मंगळवारी ती, भाऊजी आणि तिच्या सासूबाई संभाजीनगरहून समृद्धीने नागपूरला निघणार होते, भाचीला हॉस्टेलवरून आणायला. मे महिना. गाडीच्या पुढच्या डाव्या टायरला खड्ड्यात आपटून साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, सुपारीएवढा फुगा आलेला. शनिवारी दुकानदाराने टायर बदला म्हणून सांगितलं होतं आणि भाऊजी तयारही झाले होते. पण रात्री त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला.

तो मलाही तोवर दोन ठिकाणांहून आला होता. ‘टायर कंपन्यांची लूट ओळखा’ असं शीर्षक, आणि खाली ‘चाळीस वर्षं टायर उद्योगात काढलेल्या निवृत्त इंजिनिअरचा सल्ला’. या इंजिनिअरला नाव नाही, गाव नाही. त्याचं म्हणणं असं: साइडवॉलचा फुगा म्हणजे वरचं रबर सैल होणं, धोका शून्य, आतून पॅच मारा, ट्यूब टाका, टायर आणखी वीस हजार किलोमीटर जातो. सिमेंटच्या महामार्गावर जाताना हवा पाच-सहा पौंड कमी ठेवा, म्हणजे टायर फुटत नाही. नायट्रोजन भरला तर कधीच फुटत नाही. फुगा आलेला टायर कंपनीला फुकट बदलून द्यावाच लागतो, नाहीतर विमा आहेच. नवा घ्यायची वेळ आलीच तर एकच घ्या, पुढे लावा, जुना स्टॉक मागा, निम्म्यात मिळतो. आणि शेवटी, दुकानदार साइडवॉलवरची प्रत्येक खोक दाखवून घाबरवतात, त्यांना भुलू नका.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्याकडे मी नंतर येते. आधी फुगा, कारण त्याच्यावर सासूबाईंना बसवून भाऊजी शंभरच्या वेगाने निघाले होते.

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग म्हणजे ट्रेड. त्याच्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत ते नसतात. तिथे पॉलिएस्टरसारख्या धाग्याच्या दोऱ्यांचा एखाद-दुसरा थर असतो, रबरात बसवलेला. हवेचा दाब आणि गाडीचं वजन पेलायचं काम त्या दोऱ्यांचं. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की साइडवॉल ती कड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि दोऱ्या तुटतात. मग आतली हवा तेवढ्या जागेतल्या रबराला बाहेर ढकलते. हा झाला फुगा. पोत्याची वीण उसवली, पण आत प्लास्टिकची पिशवी आहे म्हणून गहू अजून सांडले नाहीत, असा तो प्रकार आहे. ‘रबर सैल झालंय’ म्हणणाऱ्या माणसाने चाळीस वर्षं टायर उद्योगात काढली असतील तर ती बहुधा कँटीनमध्ये.

आता पॅच. पॅचचं काम हवा गळू न देणं. फुग्यातून हवा गळतच नसते! “तीन दिवस झाले, हवा एक पॉइंट उतरली नाही,” हा भाऊजींचा मोठा पुरावा होता. उतरणार कशी? भोक पडलेलंच नाही, दोऱ्या तुटल्यात. आतून चिकटवलेला रबराचा तुकडा तुटलेल्या दोऱ्या जोडत नाही. शिवाय साइडवॉल ही टायरची सगळ्यात जास्त वाकणारी जागा. भाऊजींचा टायर १८५/६५ आर१५ मापाचा. त्याचा घेर जेमतेम १.९५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला पाचशेहून जास्त फेऱ्या. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला चौदा. प्रत्येक फेरीत तो फुगा खाली येणार, दबणार, पुन्हा फुगणार. नागपूरपर्यंतचं अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे दोन लाखांहून जास्त वेळा. सायकलच्या ट्यूबचा पॅच यात किती टिकेल हे विचारायला इंजिनिअर लागत नाही.

ट्यूब टाकणं तर त्याहून वाईट, कारण त्याने काम झाल्यासारखं वाटतं. ट्यूबलेस टायर आतून ट्यूबसाठी घडवलेला नसतो. ट्यूब आत घासते, तापते आणि नेमकी कमजोर जागेतून बाहेर यायला बघते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते. ट्यूब फाटली की ती एका दमात जाते, आणि पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

“पण तुमच्या पप्पांच्या ट्रकला चालायचंच की,” भाऊजी म्हणाले. हा मुद्दा बरोबर होता आणि तो त्यांनी काढावा याचा मला रागही आला. आमचे दोन ट्रक जालन्याहून सळई न्यायचे. साइडला कट गेलेला टायर पप्पा वर्कशॉपला द्यायचे. तिथे जखम खरवडून, दोऱ्या असलेला जाड पॅच बसवून, साच्यात उष्णता आणि दाब देऊन तो पक्का करत. ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबीच्या टायरला ही दुरुस्ती आजही होते आणि ती खोटी नाही. पण असा टायर पप्पा मागच्या जोडचाकातच लावायचे, तोही आतल्या बाजूला, म्हणजे बसला तरी शेजारचा भार धरतो. पुढे कधीच नाही. आणि ती दुरुस्ती स्वच्छ कटाची असायची. जिथे आत किती दोऱ्या गेल्यात हे बाहेरून कळत नाही, तो फुगा आला की पप्पा टायर भंगारात काढायचे. गाडीच्या टायरचं दुरुस्तीचं साधारण जगमान्य सूत्र असं आहे: भोक ट्रेडच्या मधल्या भागात असावं आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं. खांदा (ट्रेड आणि साइडवॉल जुळतात ती कड) आणि साइडवॉल त्यातून बाहेर. नाक्यावरच्या हॉट पॅचवाल्याला दोष देत नाही, त्याला गिऱ्हाईक सांगतं ते तो करतो.

हे सगळं सांगूनही भाऊजी “हे तुझं मत झालं” म्हणाले, तेव्हा मी त्यांना कायदा वाचून दाखवला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम ९४. टायर चांगल्या स्थितीत नाही असं केव्हा समजायचं, ते तिथे लिहिलंय. आतलं कापड झिजून किंवा कापून उघडं पडलं तर. एखाद्या जागी आकार बिघडून किंवा फुगवटा येऊन टायर निकामी होण्याची चिन्हं दिसत असतील तर. व्हल्कनाइज न करता, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन पक्का न करता, बाहेरून गेटर (जखमेवर बसवायचं आवरण) किंवा पॅच लावून चालवला असेल तर. फुगवटा हा शब्दच नियमात आहे. म्हणजे फॉरवर्ड ज्याला शून्य धोका म्हणतो, त्याला नियम निकामी होऊ घातलेला टायर म्हणतो. त्याच नियमात गाडीच्या ट्रेडच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी हेही आहे. समृद्धीच्या नाक्यांवर आरटीओने मध्यंतरी टायर तपासून गोटा (झिजून गुळगुळीत झालेल्या) टायरवाल्या गाड्या परत पाठवल्या, त्या काही हौसेने नाही. या वाक्यानंतर भाऊजी जरा गप्प झाले. दंडाचं नाव निघालं की आमच्याकडे विज्ञान लवकर पटतं.

दुसरी घातक गोष्ट हवा कमी ठेवण्याची, आणि ती या फॉरवर्डच्या आधीपासून गावोगाव पसरलेली आहे. युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो: टायर तापतो, हवा प्रसरण पावते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी भरा. गाडी धावल्यावर दाब चार-सहा पौंड वाढतो हे खरंच आहे. पण दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. गाडीच्या टायरवरच कमाल दाब बहुतेक ४४ किंवा ५१ पीएसआय (म्हणजे आपले पौंडच) असा छापलेला असतो. ३२ चे ३७ झाल्याने निरोगी टायर फुटत नाही. उलट हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि तापून तापून आतले थर सुटायला लागतात. खड्ड्यात रिम आणि कडेच्या मध्ये चिमटा बसायचीही शक्यता वाढते. म्हणजे फुगा येण्याचं एक कारणच इथे उपाय म्हणून सांगितलं जातंय!

अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचे ट्रेड वेगात सुटून येऊ लागले आणि ६५ लाख टायर परत मागवावे लागले. तिथल्या सरकारी नोंदीत अडीचशेहून जास्त मृत्यू आहेत. चूक टायरची की गाडीची यावर दोन्ही कंपन्या भांडल्या, पण फोर्डने सांगितलेला २६ पौंडांचा कमी दाब त्या भांडणात कायम मध्यभागी होता आणि पुढे तो ३० करण्यात आला. भाऊजींनी त्या दिवशी हवा २७ केली होती.

नायट्रोजन: आपण भरतो त्या साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. भरायचा तर भरा, हवा थोडी सावकाश उतरते. तुटलेल्या दोऱ्या त्याने जुळत नाहीत.

फुकट बदलून मिळण्याचं: वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, खड्ड्याची नाही. दुकानदार टायर उघडून आतली चिमट्याची खूण दाखवतो आणि विषय संपतो. काही कंपन्या काही मॉडेलवर खड्ड्याच्या नुकसानीचीही वॉरंटी देतात, पण त्यात झीज मोजून पैसे कापतात. बिल आणि नोंदणी असेल तर जरूर विचारा. विम्याचं तर नेहमीच्या पॉलिसीत स्पष्ट आहे: नुसता टायर गेला तर काही नाही, त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर नव्या टायरच्या किमतीच्या निम्मे. टायरचं वेगळं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट निराळी.

आता दुकानदार घाबरवतात ते. घाबरवतात, कबूल. साइडवॉलवर कधी कधी आत दबलेली उभी रेघ दिसते. आतल्या दोऱ्यांच्या थराची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथली ती खूण असते आणि ती निरुपद्रवी आहे. एका दुकानात मला स्वतःला ती ‘आतून तुटलाय’ म्हणून दाखवली होती. फुटपाथला घासून वरचं रबर खरचटलं, दोऱ्या दिसत नाहीत, फुगवटा नाही, तर टायर चालतो, लक्ष ठेवायचं. हात फिरवून बघा: आत दबलेलं असेल तर बहुधा ठीक, बाहेर आलेलं असेल तर टायर गेला. कट असेल आणि त्यात धागे दिसत असतील तरीही गेला.

नवा टायर घेण्याबद्दल फॉरवर्डने जे लिहिलंय, त्यातला एकही शब्द घेऊ नका. माप तेच हवं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मापानंतरचे आकडे कोणी वाचत नाही. भाऊजींच्या टायरवर ८८एच आहे. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची परवानगी. नव्यावर याहून कमी नको, दुकानात ‘साहेब, चालतंय’ म्हणाले तरी. आयएसआयचा शिक्का बघा. गाडीच्या टायरचं मानक आयएस १५६३३ आहे. मग डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे शोधा. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. सावलीत नीट ठेवलेला वर्षभर जुना टायर मी बिनघोर घेईन. चार वर्षं गोदामात पडलेला निम्म्या किमतीत नको, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं.

एक घ्यायचा की दोन? दुसऱ्या बाजूचा टायर फार झिजलेला नसेल तर तोच ब्रँड, तोच पॅटर्न एकटा चालेल. झिजला असेल तर एका ॲक्सलचे दोन्ही घ्या. आणि नवी जोडी मागे लावा. हे आपल्याकडे कोणालाच पटत नाही, गाडी पुढून ओढते तर नवे पुढे असंच सगळे म्हणतात. पण पावसात पुढचे टायर घसरले तर ब्रेकला पाय गेल्यावर गाडी बहुधा सरळ जाते. मागचे घसरले तर ती गरकन फिरते आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातात नसतं. टायर बसवताना रिम वाकली आहे का तेही बघून घ्या. ज्या खड्ड्याने दोऱ्या तोडल्या त्याने रिम सोडली असेलच असं नाही.

आणि दुकानापर्यंत जाताना फुग्यावर जाऊ नका, स्टेपनी लावा. हल्ली बऱ्याच गाड्यांत ती लहान असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते. ती पाळायची.

सोमवारी भाऊजींनी दोन टायर घेतले. बाकीचे दोन बरे होते. दुकानातल्या पोऱ्याने फुग्याचा टायर बाजूला लोटत विचारलं, “हा ठेवून जा, तीनशे देतो.” भाऊजींनी मला फोन लावला, कौतुकाने. तो टायर आतून पॅच मारून, बाहेरून काळा करून कोणाच्या तरी गाडीला सेकंडहँड म्हणून बसणार, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, “भाऊजी, आधी साइडवॉलवर कटर मारून घ्या, मग द्या.” पोऱ्याने तोंड वाकडं केलं, पण चांगला वीतभर चिरला. मग त्याचे तीनशे काही मिळाले नाहीत, आणि त्याची हळहळ थेट नागपूर येईपर्यंत चालली होती, असं ताई सांगते.