ऐंशी टक्के अचूक

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मुलांच्या बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणींवर उपचार करणारे तज्ज्ञ, म्हणून रुजू होताय? अभिनंदन. मास्टर्स झालं, त्यावर किमान ३६ आठवड्यांची, १,२६० तासांची क्लिनिकल फेलोशिप झाली, मेंदूपासून स्वरयंत्रापर्यंत सगळं कोळून प्यायलात. आता ते बाजूला ठेवा आणि खोली शोधायला लागा.

खोलीला खिडकी असेल, तर ती चुकून तुमच्या वाट्याला आली आहे असं समजा आणि सामान पूर्ण उघडू नका. बहुतेक वेळा आधीच तिथे एक बंद पडलेला प्रिंटर आणि मागच्या वर्षीच्या नाटकातलं पुठ्ठ्याचं झाड राहत असतं. भिंतीपलीकडे बँडचा सराव चालतो. ‘स’ आणि ‘थ’मधला फरक ओळखायला कान तयार होतात ते तिथेच. वाट्याला दोन शाळा असतील तर प्रश्नच मिटला, गाडीची डिकी हीच तुमची खोली.

मुलं किती, हे मुलाखतीत विचारू नका, वाईट दिसतं. तुमची राष्ट्रीय संघटना १९२५ पासून आहे, पण एका तज्ज्ञाकडे जास्तीत जास्त किती मुलं असावीत याचा आकडा ती देत नाही. डोकी मोजू नका, कामाचा एकूण भार मोजा, असं ती म्हणते. मुद्दा रास्त आहे. त्यामुळे भारही कोणी मोजत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र सरासरी ५५ची मर्यादा आहे. ‘सरासरी’ हा शब्द पुन्हा एकदा वाचा.

आता वेळापत्रक. वाचनाच्या तासाला मुलांना उठवायचं नाही, गणिताच्या तर नाहीच. मधली सुट्टी हा त्यांचा हक्क, खेळाचा तास तब्येतीसाठी. उरला तो वेळ तुमचा. त्या अर्ध्या तासात चौघांचा गट बसवा: एकाला ‘र’ येत नाही, एक अडखळतो, एकीला गोष्ट क्रमाने सांगता येत नाही आणि चौथा टेबलाखाली आहे. चौघांना एकच पत्त्यांचा खेळ द्या. दारातून डोकावणारे शिक्षक म्हणतील, “मजा आहे बुवा तुमची, दिवसभर खेळायचं!” तेव्हा हसा. हसण्यासाठी वेगळा वेळ धरलेला नाही.

‘र’ची मात्र खरंच गंमत आहे. आपल्या मराठी ‘र’ला जिभेचं टोक दातांमागे टपकन आपटतं, त्यामुळे तो निदान दाखवता तरी येतो. यांच्या अमेरिकी इंग्रजीतल्या ‘र’ला टोक कुठेच लागत नाही. कोणी ते मागे वळवतं, कोणी जिभेचा मधला भाग गोळा करून उचलतं; ऐकायला दोन्ही सारखेच, आणि आरशात दोन्ही दिसत नाहीत. सात वर्षांच्या मुलाला सांगायचं, की जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकव, टोक अधांतरी ठेव आणि आता ‘रॅबिट’ म्हण. महिनोन्‌महिने ‘वॅबिट’ येत राहतो. मग एक दिवस दहापैकी नऊ चित्रांवर लख्ख ‘रॅबिट’! तुम्ही स्टिकर देता, मूल फुलून जातं आणि दारातून ओरडतं, “सी यू टुमॉवो!” तुम्ही नव्वद टक्के लिहा. दारापलीकडच्या बोलण्याला रकाना नाही.

उद्दिष्टं लिहिताना डोकं चालवू नका. “मूल ऐंशी टक्के अचूकतेने, पाचपैकी चार संधींमध्ये, किमान मदतीने...” एवढं आधी टाइप करा, पुढचं क्रियापद नंतर सुचेल. ऐंशीच का? तुमच्या आधीच्या बाईंनी ऐंशी लिहिलं होतं म्हणून. अडखळणाऱ्या मुलासाठी “ऐंशी टक्के वेळा न अडखळता बोलेल” असं लिहून टाका. अडखळण्यावरच्या उपचारांतले नावाजलेले तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळायचे, आणि अडखळणं लपवण्याची धडपडच माणसाला जास्त जखडते, त्यापेक्षा सहज अडखळायला शिका, असं शिकवायचे. पण ते आलेखात कसं काढणार? आलेखाच्या दृष्टीने गप्प बसलेलं मूल शंभर टक्के अस्खलित असतं.

कायद्याबद्दल आदर बाळगा. जेराल्ड फोर्ड यांनी १९७५ साली सही केली आणि अपंग मुलांना सरकारी शाळेत मोफत, योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. त्याआधी कित्येक मुलांना शाळेच्या दारातूनच परत पाठवत असत, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. इथे मी उपरोध करत नाही. जादा खर्चाचा ४० टक्के वाटा केंद्र उचलेल असं तेव्हा ठरलं होतं. तो पूर्ण वाटा अजून एकदाही आलेला नाही. इथे करतो आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हायला हवी. निकाल छापून कपाटाच्या दारावर लावा. कपाट तसंही नीट बंद होत नाही.

शिवाय १९८८ पासून आयईपीतल्या, म्हणजे प्रत्येक मुलासाठी लिहिलेल्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यातल्या, उपचारांचे पैसे मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडून मागता येतात. ते शाळा-जिल्ह्याला जातात. तुम्हाला पासवर्ड मिळतो, दर नव्वद दिवसांनी बदलायचा.

शेवटी टेबलाखालचा मुलगा. तो तोंडाने बोलत नाही. बोलणारा टॅबलेट त्याला मिळाला, तो तुटू नये म्हणून सहा महिने कुलपात होता. आता बाहेर आलाय. उद्दिष्ट असं: ‘अजून’चं बटण दाबून खेळणं मागेल, ऐंशी टक्के. तुम्ही टेबलाखाली शिरा, बुडबुडे उडवा, थांबा, वाट बघा. पुन्हा उडवा. असं पंधरा वेळा. सोळाव्यांदा तो टॅबलेट ओढून घेईल, तुम्ही कधीच न शिकवलेल्या पानावर जाईल, तुमच्याकडे रोखून बघेल आणि दाबेल, “पुरे. जा.”

तक्ता काढा. ‘अजून’ म्हणाला का? नाही. शून्य लिहा.