अंगणवाडीत निर्णय कोण घेतं?

बालशिक्षणातलं नेतृत्व म्हटलं की अधिकारी, तज्ज्ञ, फार तर संस्थाचालक आठवतात. मला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका पाड्यावरच्या मदतनीस बाई आठवतात.

तिथल्या सेविकाताई सपाटीवरच्या, मराठी बोलणाऱ्या. चित्र दाखवून विचारत होत्या, "हे काय आहे?" चार वर्षांची पोर ढिम्म. तिच्या नावापुढे वहीत नोंद होती, 'बोलत नाही'. तेवढ्यात मदतनीस बाई खिचडीचं पातेलं उतरवून, पदराला हात पुसत आल्या. पोरीपुढे उकिडव्या बसल्या आणि पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत काहीतरी विचारलं. पोर जी सुटली! बाईंनीच नंतर मला मराठीत सांगितलं: त्यांची शेळी व्यायली, दोन पिलं झाली, एक काळं आहे आणि ते हिच्याच मागे फिरतं. पोर हातवारे करत अजून बोलतच होती.

त्या वर्गात शिक्षण कोणी केलं? आणि महिन्याच्या बैठकीत मत कोणाचं विचारलं जातं? मदतनीस बाईंचं तर नाहीच.

२०२० चं शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानतं, शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. पण आपल्याकडे खानदेशात घरची भाषा म्हणजे अहिराणी, भिली, पावरी, मावची. अमळनेर-साक्रीकडे सेविका अहिराणीत "ये भाऊ, आठे बस" म्हणते तेव्हा पोरगं लगेच मांडी घालून बसतं. साहेब आले की तीच ताई पुस्तकी मराठीवर येते. ही भीती आपण सगळ्यांनी मिळून तिच्यात घातली आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात गेली. आमच्या नंदुरबारची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोरं फडात, नावं पटावर. त्यांच्यामागे कोणती अंगणवाडी जाते? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही सहा वर्षांपासूनच हक्क देतो; त्याआधीच्या वयासाठी सरकारने सोय करावी एवढंच म्हणतो. म्हणजे शहरातल्या मुलाला फी भरून नर्सरी, आणि फडातल्या मुलाला काहीच नाही. हा अन्याय पहिलीच्या आधीच होऊन गेलेला असतो.

अंगणवाड्या ज्या योजनेतून सुरू झाल्या ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची. इतक्या वर्षांनंतरही ती चालवणाऱ्या बाया मानधनावर आहेत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. पोषण, लसीकरण, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी, सगळं सेविकेकडे. मुलांशी बोलायला वेळ कधी उरायचा?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सेविकेला शिक्षिकेचा दर्जा आणि पगार द्या. प्रशिक्षणाला मदतनीस बाईंनाही बोलवा, पाड्यावरची भाषा येते म्हणून त्यांना वर्गात मानाने बसवा. अंगणवाडीची वेळ महू (मोहाची फुलं) वेचायच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या गावातल्या बायांनाच ठरवू द्या.

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा झाली की अंगणवाडीचा विषय घ्यायला लावा, आणि त्या दिवशी सेविकाताई आणि मदतनीस बाईंना पुढच्या रांगेत बसवून आधी त्यांना बोलू द्या.